ओठांतल्या टाचण्या

तिचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीत कधी लागलं नाही, कारण हजेरीत लागण्याएवढं तिचं वय नव्हतं. दहा वर्षांची पोर कामावर आहे हे कागदावर आलं असतं तर मालकाला महागात पडलं असतं. म्हणून सुपरवायझर तिला टाचणी म्हणायचा. अंगानं काडी, आणि काम शर्टाला टाचण्या लावायचं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं घरचेही तेच म्हणू लागले, आणि लग्न झाल्यावर नवऱ्यानंही तेच चालवून घेतलं.

टाचणीचा बाप हातगाडी ओढायचा. एकदा उतारावर भरलेली गाडी अंगावर आली आणि त्याची कंबर गेली. तेव्हापासून खाटेवर पडून घरादाराला हुकूम सोडण्यापुरताच तो उरला. आई चार घरची भांडी घासायची. मावशी शेजारच्याच गल्लीत राहायची. ती एके दिवशी येऊन म्हणाली, "पोरीचे हात रिकामे आहेत, आणि तोंड काही रिकामं राहत नाही." दुसऱ्या दिवशी मावशीच्या मुलीनं टाचणीला सोबत नेलं. ही मावसबहीण तेरा वर्षांची, टाचणी तिला ताई म्हणायची.

गेटाशी ताईनं बजावलं, "वय विचारलं तर चौदा सांग."

"आणि उंची विचारली तर?"

"ती दिसतेच आहे, ती कोण विचारतंय!"

कुणी काहीच विचारलं नाही. इस्त्री होऊन आलेला शर्ट टेबलावर पालथा टाकायचा, पाठीवर पुठ्ठा ठेवायचा, बाह्या आत मुडपायच्या, एवढं ताई करायची. मग टाचणी खांद्याला दोन, बाह्यांना दोन आणि खालच्या घडीला दोन टाचण्या लावायची. बाकीच्या पोरी टाचण्या वाटीत ठेवत. टाचणी ओठांत धरायची, म्हणजे हाताची एक खेप वाचते. बारा टाचण्या ओठांत धरून ती शेजारणीशी गप्पाही मारायची. तिला त्याचा भारी तोरा होता. घरी कुणी कौतुक करणारं नव्हतं, इथं निदान सुपरवायझर म्हणायचा, "बघा, शिका जरा त्या काडीकडून."

म्हणून कारखाना चांगला होता असं कुणी समजू नये. कापडाचं तूस दिवसभर हवेत तरंगायचं, पोरींच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि रात्री छाती वाजायची. जेवणाची सुट्टी सोडली तर दाराला बाहेरून कुलूप. एकदा बटणाच्या मशीनची सुई एका पोरीच्या नखातून आरपार गेली आणि आतच मोडली. सुपरवायझर धावत आला. आधी त्यानं शर्टावरचं रक्त पुसलं, मग तिच्या बोटाकडे बघितलं.

पाहुणे यायचे असले की घंटा दोनदा वाजायची. दोन घंटा म्हणजे लहान पोरींनी गुदामात खोक्यांमागे जाऊन बसायचं, शिंकसुद्धा गिळायची. त्या दिवशीही घंटा दोनदा वाजली. ताईनं तिचा दंड धरला. "चल गं!"

"चार राहिलेत."

"अगं, मर! चल!"

ताई पळाली. टाचणी राहिली. चार शर्ट अर्धवट सोडून जायचं तिच्या जिवावर आलं, एवढंच कारण. मालक पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या टोकाला होता. त्यातला एक मात्र चुकल्यासारखं करत भलतीकडेच शिरला आणि तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. परदेशी होता, गळ्यात कॅमेरा. तिच्याकडे बघून हसला. पूर्ण बारा टाचण्या होत्या ओठांत. त्याला नीट मोजता याव्यात म्हणून तिनं हनुवटी वर केली. तुसानं डोळे नेहमीसारखे वाहत होते. कॅमेरा वाजला.

पाच महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी गेटाशी वॉचमन यादी घेऊन उभा. त्रेसष्ट पोरींना बाजूला काढलं आणि सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. का, कशासाठी, कुणालाच कळेना. पोरी दुपारपर्यंत गेटाला धरून उभ्या राहिल्या. शेवटी सुपरवायझर बाहेर आला. त्याच्या हातात एका परदेशी मासिकाचं पान होतं. अख्ख्या पानभर टाचणीचं तोंड, ओठांत बारा टाचण्या, गालांवर पाण्याचे ओघळ. खालची ओळ कुणीतरी त्याला समजावून सांगितली होती, ती त्यानं मोठ्यानं म्हटली: "या मुलीचे ओठ कुणी टाचले?"

मग तो म्हणाला, "मी नाही टाचले बाबा. हिचं हिनंच तोंड वर केलं. आता तिकडचे लोक आमचे शर्ट घेईनात. जा, हिलाच विचारा उद्या काय खायचं ते."

त्रेसष्ट पोरी वळून टाचणीकडे बघू लागल्या. ताईही.

घरी बापानं खाटेवरूनच चप्पल फेकली, ती भिंतीला लागली. आई मारणारी नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "तोंड वर करायची काय गरज होती गं?" संध्याकाळी मावशी आली आणि दारातच उभी राहून बोलली. "माझ्या पोरीनं तुला बोटाला धरून नेली. तू तिच्याच ताटात माती कालवलीस. आजपासून आमचा-तुमचा संबंध संपला." ती खरंच परत आली नाही.

परदेशातून मोबदला म्हणून शाळा येणार असं सांगण्यात आलं, आणि शाळा आलीही. पत्र्याच्या एका छपरात बाकं टाकली, भिंतीवर फळा टांगला. शिकवायला एक तरुण मुलगी होती, जीव लावून शिकवायची. पाहुणे येणार असले की पोरींना नवे फ्रॉक मिळत. पाहुण्यांच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत ते परत काढून घेत. तरी टाचणीला शाळा आवडली. जोडाक्षरांपाशी येईपर्यंत सात महिने झाले, आणि एका सोमवारी दाराला कुलूप दिसलं. शिकवणारी मुलगी बाहेर पायरीवर बसून रडत होती. "प्रकल्प संपला," ती म्हणाली. टाचणीला वाटलं, प्रकल्प म्हणजे कुणी माणूस असावा आणि तो वारला.

दरम्यान त्रेसष्ट पोरी कुठं पांगल्या ते कुणी विचारलं नाही. काही खडी फोडायला गेल्या. काही भट्टीवर विटा उचलायला. ताईचं तर वर्षाच्या आत लग्नच लावलं. कमावती होती तोवर तिचं लग्न घरात कुणाच्या डोक्यात नव्हतं. काम गेलं आणि ती एकाएकी लग्नाची झाली. चौदाव्या वर्षी दोन मुलांच्या बापाला दिली. सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली. टाचणीला ही बातमी पाण्याच्या नळावर कळली, दुसऱ्याच कुणाकडून. ती मावशीच्या दारापर्यंत धावत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

त्यानंतर टाचणी स्वतः एका मुख्याध्यापिकेच्या घरी राहायला गेली, वरकामाला. तिथं सुट्टीही नव्हती आणि सुपरवायझरही नव्हता. पहाटे उठायचं, सगळे झोपल्यावर झोपायचं, स्वयंपाकघरातल्या कट्ट्याखाली. घरात तिच्याच वयाचा मुलगा होता, त्याचं दप्तर शाळेपर्यंत उचलायचं आणि गेटावरून परतायचं. कारखान्यात निदान चिमटा काढायला शेजारीण होती. इथं दिवसदिवस तिच्याशी कुणी बोलायचं ते फक्त 'हे घे' आणि 'ते ठेव'.

एकदा बाईंच्या शाळेत प्रदर्शन होतं. दिवाणखान्यात चित्रं, पुठ्ठे, रंग असा पसारा मांडलेला. टाचणी फरशी पुसत पुसत आली आणि थबकली. सगळ्यांत मोठ्या पुठ्ठ्यावर तीच होती. ओठांत टाचण्या, गालांवर ओघळ. भोवती मुलांनी रंगीत अक्षरात लिहिलं होतं, बालपण वाचवा. तेवढं तिला वाचता आलं.

"बाई," ती म्हणाली, "ही मी आहे." आणि बोटानं दाखवायला गेली. बोट ओलं होतं. पुठ्ठ्यावर डाग पडला.

बाईंनी कानाखाली एवढ्या जोरात मारली की टाचणी दाराच्या चौकटीवर आदळली. "एक तर नासधूस, वर खोटं!" त्या म्हणाल्या. तीन दिवस कानातून पाणी येत होतं. तेव्हापासून डाव्या कानाला तिला ऐकू येत नाही. कारखान्याला खिडक्या होत्या, मालकाला पाहुणे होते, म्हणून तिथं फोटो तरी निघाला. मुख्याध्यापिकेच्या स्वयंपाकघरात कॅमेरा घेऊन कोण येणार होतं!

सतराव्या वर्षी ती पुन्हा त्याच कारखान्याच्या गेटाशी उभी राहिली. इमारतीला नवा रंग, गेटाला ठळक पाटी: येथे बालकामगार ठेवले जात नाहीत. कारखान्याच्या डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं, घोड्याचे बघतात तसे दात बघितले आणि अठरा लिहून दिलं. तिथं ती तेवीस वर्षं राहिली. धागे कापले, बटणं तपासली, शेवटी अख्ख्या लाईनचे तयार शर्ट तपासणारी झाली. त्याच कारखान्यातल्या एका कटिंग मास्टरशी लग्न केलं. माणूस भला होता, पण फुप्फुसं तुसानं भरलेली. मुलगी सहा वर्षांची असताना गेला. टाचणीनं मुलीला शाळेत घातलं आणि शाळेतच ठेवलं. मुलगी हुशार निघाली. "आई, तू शर्टाची चूक दहा पावलांवरून ओळखतेस, आणि माझ्या वहीतली एकही दिसत नाही," असं म्हणून हसायची. या बाबतीत टाचणी सुखी होती म्हणायला हरकत नाही.

मग ती सात महिन्यांची शाळा काढणाऱ्या संस्थेच्या बाई आल्या.

त्या फोटोला तीस वर्षं होत होती आणि संस्थेला सोहळा करायचा होता. फोटोतली मुलगी जिवंत आहे, ती इथंच राहते, हे त्यांनी शोधून काढलं. येताना फुलं आणली. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "तुमच्या एका फोटोनं किती मुलं वाचली, तुम्हाला कल्पना नाही," त्या म्हणाल्या. टाचणीनं चहा ठेवला. नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये म्हणतात. आपण तर दोन्ही होतो, असं काहीतरी तिच्या मनात आलं. पण बाई मनापासून रडत होत्या, तेव्हा तिनं चहाच पुढं केला.

आठवडाभरात एक प्राध्यापकही आले. ते पुस्तक लिहीत होते. त्यांचं म्हणणं, गरीब देशात मुलांचं कारखान्यातलं काम बंद पाडणं हा श्रीमंतांचा ढोंगीपणा. काम गेलं की मुलं आणखी वाईट कामाला लागतात. त्यांनी बरंच विचारलं आणि टाचणीनं सांगितलंही. मुख्याध्यापिकेचं घर ऐकताना त्यांचं पेन भराभर चालत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या घराबद्दल कुणी लिहून घेत होतं. त्यातली ताईची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली, आणि दुसऱ्यांदा सांगताना टाचणीला वाटलं, आपण मालाचा नमुना दाखवतो आहोत.

सोहळ्याला दोघंही व्यासपीठावर होते आणि मधल्या खुर्चीत टाचणी. मागे भिंतभर तिचा फोटो. मुलगी पहिल्या रांगेत. आधी बाई बोलल्या, मग प्राध्यापक. टाळ्या दोघांनाही पडल्या. मग ते एकमेकांना उत्तरं देऊ लागले, आणि टाचणीच्या बहिऱ्या कानाकडे प्राध्यापक बसले असल्यामुळे तिला वादाची एकच बाजू ऐकू येत होती.

शेवटी कुणीतरी माईक तिच्या हातात दिला. प्राध्यापकांनी समोर येऊन विचारलं, "तुम्हीच सांगा. कारखाना बरा होता की ते घर?"

"कारखाना," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी सभागृहाकडे बघून हात पसरले.

"थांबा सर. इकडे आड, तिकडे विहीर. आडात पाणी कमी होतं एवढं मी म्हटलं, तर तुम्ही लिहिणार, पोरांना आडात टाकायला हरकत नाही. माझा नवरा त्याच आडात मेला. दाराला बाहेरून कुलूप असायचं. एखाद दिवशी आग लागली असती, तर त्रेसष्ट पोरींचा कोळसा झाला असता, आणि आमची नावं वहीतसुद्धा नव्हती."

आता बाई मान हलवू लागल्या. टाचणी त्यांच्याकडे वळली.

"आणि बाई, तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत, खरं आहे. पण काढून ठेवलं कुठं, ते बघायला थांबला नाहीत. शाळा दिलीत ती सात महिन्यांची. आधी शाळा बांधायची, घरात चूल पेटेल असं बघायचं आणि मग गेट लावायचं, एवढी साधी अक्कल रोज स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला असते. माझी ताई सोळाव्या वर्षी गेली. तिला कुठल्या बाजूला धरता? वाचलेल्यांत की मेलेल्यांत?"

मग सूत्रसंचालकानं फार हृदयस्पर्शी मनोगत म्हणून आभार मानले आणि चहाची घोषणा केली.

दुसऱ्या दिवशी मुलीनं दोन वर्तमानपत्रं आणली. एकात मथळा होता, 'कारखानाच बरा होता: फोटोतील मुलीची कबुली'. दुसऱ्यात, 'पोरींचा कोळसा झाला असता: फोटोतील मुलीचा आक्रोश'.

"आई, तू आक्रोश केलास?" मुलीनं विचारलं.

"मला कुठं ऐकू येतं, बाई. केला असेन."

दोघी हसल्या. ते हसू आठवडाभरही टिकलं नाही. दुसरं वर्तमानपत्र कारखान्याच्या ऑफिसात पोचलं होतं. मालक आता पहिल्या मालकाचा मुलगा होता, गोड बोलायचा. त्यानं तिला खुर्ची दिली. "मावशी, तुम्ही आमच्या घरच्या. पण कुलपाचं, आगीचं बोललात, ते माल घेणाऱ्यांच्या कानावर गेलंय. चौकशीला माणसं येणार. तुम्ही समोर दिसलात तर फोटोवाले परत मागे लागतील. थोडे दिवस घरी बसा." थोडे दिवस म्हणजे किती हे तिनं विचारलं नाही. त्रेसष्टांतली ती एकटी, जिला एकाच फोटोपायी त्याच गेटातून दोनदा काढलं.

बाईंना फोन केला. त्या हळहळल्या, संस्थेतर्फे निवेदन काढू म्हणाल्या. निघालंही असेल. प्राध्यापकांनी पुस्तकाचा मसुदा पाठवला. त्यात तिच्यावर पाऊण पान होतं. मुलीनं ते वाचून दाखवलं आणि मध्येच थांबली.

"पुढं काय?"

"पुढं तक्ता आहे."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुपारी दार वाजलं. बाहेर मावशी उभी. तीस वर्षांत पाठीचं धनुष्य झालेलं, डोक्यावर कापडाचं गाठोडं. मावशी आपणहून आत आली आणि गाठोडं खाली टाकलं.

"काम गेलं म्हणे तुझं. कारखान्याबाहेरचा एक माणूस घरोघर बटणं लावायला देतो. जास्तीचं आणलंय. डोळे आहेत ना अजून?"

"आहेत."

मावशी भिंतीला टेकून बसली. पाणी प्यायली.

"मावशी," टाचणी म्हणाली, "तीस वर्षं राग धरलास माझ्यावर. मी दहा वर्षांची होते गं."

"ठाऊक आहे मला." मावशीनं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. "मग कुणावर धरू? तो फोटोवाला कुठं राहतो, मला काय माहीत? ज्यांनी शर्ट घ्यायचे बंद केले त्यांचं तोंड बघितलं का मी कधी? मालक काय दारात उभं करतो? तू गल्लीपलीकडे राहत होतीस. सोयीची होतीस."

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, हातानं गाठ सोडतच. टाचणीही रडली नाही असं नाही. पण दोघींनी एकमेकींना हात लावला नाही. तेवढं काही सुधारलं नव्हतं.

मग दोघी बसल्या. बाह्यांच्या पट्टीला दोन-दोन बटणं. घरात काम आलं म्हणजे गेट नाही, पाटी नाही, दात तपासणारा डॉक्टर नाही. चार वाजता मुलगी शाळेतून आली, दप्तर ठेवलं, तोंड धुतलं. परक्या म्हातारीकडे एकदा बघितलं आणि आईच्या बाजूला फतकल मारून सुई उचलली.

"ठेव ती," टाचणी म्हणाली. "ऊठ. अभ्यास कर."

"करते गं. एवढा ढीग संपू दे." मुलीनं दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. हात चांगला होता तिचा.

टाचणीनं ढिगाकडे बघितलं. उद्या सकाळी माणूस माल न्यायला येणार होता. दुसऱ्यांदा ती 'ऊठ' म्हणाली नाही.